वजनकाटा बाजूला ठेवा, टेप आणा : चरबी कमी करण्याचा साधा अभ्यास



एरवी आपण इथे वाचन-लेखन, भागाकार आणि परिसर अभ्यास यांवर बोलतो. आजचा पाठ मोठ्यांसाठी आहे. पण गणित तेच आहे, आपल्या सहावी-सातवीचं.

गेल्या महिनाभरात माझ्यापर्यंत दोन प्रश्न आले. पहिला आला शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळी. केंद्रातल्या एक मॅडम सांगत होत्या, "आठ दिवस नुसती फळं आणि लिंबूपाणी घेतलं, साडेतीन किलो उतरलं. पण महिनाभरात सगळं परत आलं. असं कसं?" दुसरा प्रश्न पालकसभेनंतर आला. चौथीतल्या एका मुलीचे वडील मागे थांबले होते. त्यांचा मोठा मुलगा अकरावीला आहे, त्याने जिम लावलीय आणि तिथे त्याला दोन डबे घ्यायला सांगितलेत. एक प्रोटीन पावडरचा आणि दुसरा 'फॅट बर्नर'चा. दोन्ही मिळून साडेपाच हजार रुपये. वडिलांचा टेम्पो आहे, त्याचे हप्ते चालू आहेत. "मॅडम, घ्यावेत का?" असं त्यांनी विचारलं.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे कोणाच्या आजारावर मी इथे काही सांगणार नाही. पण या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं शाळेच्या विज्ञानात आणि गणितातच आहेत. आपल्या गावात, वाडीवर लोक अजूनही मास्तरांना आणि बाईंना विचारतात, तेव्हा ती आपल्याला सांगता यायला हवीत.

काट्यावर नेमकं काय मोजलं जातं?

काटा हाडं, स्नायू, रक्त, पाणी, पोटातलं अन्न आणि चरबी असं सगळं एकत्र मोजतो. त्यातलं काय कमी झालं हे तो सांगत नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

मॅडमचंच उदाहरण घेऊ. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. (शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात, आपण बोलताना नुसतं कॅलरी म्हणतो.) साडेतीन किलो चरबी जाळायची तर सुमारे २७,००० कॅलरी लागतील. मॅडमच्या वयाची, उंचीची आणि साधी कामं करणारी बाई दिवसाला समजा १,८०० कॅलरी खर्च करते. आठ दिवसांचे झाले १४,४००. म्हणजे आठ दिवस तोंडात अन्नाचा कणसुद्धा घातला नाही असं धरलं, तरी दोन किलो चरबी जात नाही. मग साडेतीन किलो गेलं कुठून?

त्यात बराच वाटा पाण्याचा होता. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा पिठूळ साठा असतो, मोठ्या माणसात सुमारे चारशे-पाचशे ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं तोडलं की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. आतड्यातलं अन्नही कमी होतं. काटा खाली येतो आणि आपण खूश होतो. परत भाकरी-भात सुरू झाला की साठा भरतो, पाणी परत येतं. यात मॅडमचा दोष नाही आणि लिंबाचाही नाही.

खरी अडचण पुढे आहे. असं उपाशी राहून वजन उतरवलं, सोबत प्रथिनं पुरेशी नसली आणि व्यायामही नसला, तर जे वजन जातं त्यातला जवळपास पाव वाटा स्नायूंसारख्या कामाच्या ऊतींचा असतो. ते परत वाढतं तेव्हा मात्र मुख्यतः चरबीच्या रूपात. असे चार-पाच फेरे झाले की काट्यावर आकडा जुनाच दिसतो, पण आतली वाटणी बदललेली असते.

एक फोटो आणि दोन डॉक्टर

ही वाटणी आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाची का, हे समजायला पुण्याचं एक उदाहरण फार चांगलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. तक्त्यात पाहिलं तर दोघेही ठणठणीत. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू तर बरेच कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याच वर्गातली काडीसारखी पोरं डोळ्यांसमोर आली.

म्हणून "मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?" हे वाक्य आपल्याकडे फारसं उपयोगाचं नाही. हात-पाय बारीक आणि पोट पुढे, असा आपला एक ठरलेला नमुना आहे. कोणत्याही शिक्षक संमेलनाच्या सामूहिक फोटोत पाहा. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी साखरेच्या आजाराशी जास्त जोडलेली असते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही लोकांचा अंदाज १० कोटींच्या वर गेला आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा १३ कोटींच्या वर.

मग मोजायचं काय? शिंप्याची टेप घ्या. सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप आडवी गुंडाळा, सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही! भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी मोजून वहीत तारखेसह लिहा. काटा स्थिर आणि टेप दोन सेंटीमीटर खाली, असं झालं तर समजा काम नीट चाललंय.

चरबी जाते कुठे?

हा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारून बघा. "घामातून", "उष्णता होऊन", "स्नायूत रूपांतर होतं", अशी उत्तरं येतील. ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन या दोघांनी २०१४ मध्ये डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना हेच विचारलं होतं, आणि तिथेही बहुतेकांचं उत्तर चुकलं. चरबी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची बनलेली असते. ती जळते म्हणजे तिचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होतं. त्यांच्या हिशेबाने १० किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. थोडक्यात, आपली चरबी आपण नाकाने बाहेर सोडतो.

यावरून लगेच "मग जोरजोरात श्वास घेऊ" असं कोणी म्हणेल. तसं होत नाही. नुसता श्वास वाढवला तर चक्कर येईल. शरीराने आधी चरबी वापरायला काढली पाहिजे, आणि ती निघते खाण्यापेक्षा खर्च जास्त असला तरच. घाम काढणारे पट्टे, पोटाला गुंडाळायचं प्लॅस्टिक, बंद खिडक्यांत पळणं, या सगळ्यांतून जातं ते पाणी. तांब्याभर पाणी प्यायलं की परत आलं.

आता डबा उघडूया

रोज साधारण ३०० ते ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो चरबी कमी होऊ शकते. वेग कमी वाटेल, पण टिकतो. आणि ही तूट काढायला भात बंद, पोळी बंद, रात्रीचं जेवण बंद असलं काही करावं लागत नाही.

आधी तेल बघा. तेलाचा हिशेब स्वयंपाकघरात चमचे मोजून जमत नाही, किराणा मालाच्या यादीवर जमतो. घरात चार माणसं आणि महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज जवळपास ४२ ग्रॅम झालं. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे रोज ३७५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच तेल तीन किलोवर आणलं तर माणशी २५ ग्रॅम, २२५ कॅलरी. रोजचे १५० वाचले, महिन्याला ४,५००. अर्ध्या किलोहून जास्त चरबी, आणि जेवणातला एकही पदार्थ बंद केलेला नाही. आमटीवरचा तवंग तेवढा कमी झाला.

दुसरा हिशेब चहाचा. शाळेत दोन, घरी दोन आणि कोणी आलं तर एक असे पाच कप. कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम, दिवसाला ५० ग्रॅम, २०० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसभराची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. गूळ घातला म्हणून फार फरक पडत नाही, गुळातही बहुतांश साखरच असते. हे सांगितलं की आमच्याकडे वाद होतो, पण आहे ते आहे.

तिसरी गोष्ट प्रथिनांची, आणि मला विचाराल तर सर्वात महत्त्वाची. शालेय पोषण आहाराचा निकष आपल्याला पाठ आहे : पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. आता स्वतःचा डबा त्याच निकषावर तपासा. दोन पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. पोळ्यांचे सात ग्रॅम, भाजीचे फार तर दोन. म्हणजे बाईंच्या डब्यात नऊ ग्रॅम, आणि समोर पंगतीत बसलेल्या दुसरीतल्या पोराच्या ताटात बारा.

निरोगी मोठ्या माणसासाठी आयसीएमआर दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. चरबी उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर अभ्यासक १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जातात. ६० किलोच्या माणसाला १.२ ने झाले ७२ ग्रॅम. ते आपल्या घरच्या जेवणात बसतात का, ते पाहू. ज्वारीच्या तीन भाकरींतून १५, मटकीच्या वाटीभर उसळीतून ७, वरणातून ७, वाटीभर दह्यातून ५, पेलाभर दुधातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७. हे झाले ४७. त्यात दोन अंडी घातली की १२ वाढले. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयावडीतून १५ मिळतात. अंडी आणि वडी दोन्ही घेणाऱ्याचे ७४ होतात, आणि चिकन-मासे खाणाऱ्याला तर अडचणच नाही. शेंगदाण्याची मूठ मात्र खरोखर मूठच ठेवायची. ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी असतात, आणि गप्पा मारता मारता त्याच्या तीन मुठी कधी होतात ते कळत नाही.

उपवासाबद्दल बोलल्याशिवाय मराठी घराचा आहार पूर्ण होत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, प्रथिनं नसल्यासारखीच. त्यात बटाटा, दाण्याचं कूट आणि सढळ हाताने तूप. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच आजीने केलेली आहे! उपवास जरूर करा, तो श्रद्धेचा भाग आहे. पण चरबी उतरावी म्हणून करत असाल तर दही, ताक, दूध, राजगिरा, भगर यांच्यावर भर द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता उपवास धरू नका, साखर एकदम खाली येऊ शकते.

खुराक घेतला, तालीम राहिली

आपल्या मुलखात व्यायामाची परंपरा जुनी आहे. कोल्हापूरच्या तालमी, जोर-बैठका, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हयातभर केलेला सूर्यनमस्काराचा प्रसार. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदामाची थंडाई. पण तो पैलवान पहाटेपासून शेकड्यांनी जोर-बैठका मारायचा, हौद्यातली माती उकरायचा. आपण त्याचा खुराक तेवढा उचलला.

व्यायामाने किती कॅलरी जळतात याबद्दल लोकांच्या फार मोठ्या कल्पना असतात. अर्धा तास झपझप चाललं तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे चालून आल्यावर कोपऱ्यावर वडापाव खाल्ला तर हिशेब उलटाच झाला. मग चालायचं कशाला? हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, मन ताळ्यावर राहावं म्हणून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण त्याच सूचनेत पुढे आणखी एक ओळ आहे आणि ती आपण वाचतच नाही : आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. तिशीनंतर काही केलं नाही तर स्नायू हळूहळू झिजत जातात, आणि खाणं कमी केलं असेल तेव्हा तर शरीराला "हे स्नायू लागतात, ठेव" असा निरोप फक्त ताकदीच्या व्यायामातूनच जातो.

त्याला जिम पाहिजेच असं नाही. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. सोपं वाटू लागलं की खुर्ची काढायची, ती बैठक झाली. भिंतीला हात लावून जोर, मग टेबलाला, मग जमिनीवर. पाठीवर दप्तर, त्यात पुस्तकं वाढवत जिन्याच्या पायऱ्या. दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन अंगणात चार फेऱ्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येकाचे तीन फेरे, आणि दर पंधरवड्याला थोडं वाढवायचं. न वाढवता तेच ते करत राहिलं तर स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही. गुडघे किंवा कंबर दुखत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी तपासून घ्या.

महिला शिक्षिकांना भीती असते की वजन उचललं तर अंग पुरुषी होईल. तसं सहजासहजी होत नाही, शरीरातली संप्रेरकंच वेगळी असतात. उलट पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हीच ताकद कामी येते. आणखी एक गैरसमज असा की पोटाचे व्यायाम केले की पोटाची चरबी जाते. उठाबशांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची चरबी मात्र शरीर आपल्या मर्जीने, सगळीकडून थोडी थोडी काढतं.

झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि हात तळलेल्या-गोडाकडे जातो. रात्री बारापर्यंत ऑनलाइन माहिती भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

डब्यातली पावडर

आता टेम्पोवाल्या दादांचा प्रश्न. दोन डबे म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोटीन पावडर बहुधा व्हेची असते. दूध फाडून पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं तसल्या पाण्यातून, चीज करताना उरलेल्या, ती काढतात. ते औषध नाही आणि विषही नाही, ते अन्नच आहे. तिने चरबी जळत नाही. जेवणातून प्रथिनं पुरत नसतील तर कमी भरून काढते, एवढंच. आमच्याकडच्या भावाने हिशेब करते. एक किलोचा डबा २,८०० रुपयांना, त्यात ३० ग्रॅमचे ३३ चमचे, प्रत्येकात २४ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे २४ ग्रॅमला ८५ रुपये. चार अंड्यांत तेवढीच प्रथिनं २८ रुपयांत येतात. ५० ग्रॅम सोयावडीत २६ ग्रॅम येतात, सात-आठ रुपयांत. दादांना मी एवढंच लिहून दिलं. ज्याला खरंच वेळ नाही, अंडी चालत नाहीत आणि परवडतं, त्याने चांगली पावडर घेतली तर हरकत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एनआयएनचं २०२४ चं मार्गदर्शन तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळाच म्हणतं.

क्रिएटिनबद्दलही मुलं विचारतात. त्यावर भरपूर अभ्यास झालेत. निरोगी मोठ्या माणसाने रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर वजन उचलायची ताकद थोडी वाढते. पण ते चरबी घालवत नाही. उलट स्नायूंत पाणी धरल्याने काटा किलोभर वरच जातो. डी आणि बी-१२ जीवनसत्त्वं कमी असणं आपल्याकडे पुष्कळ दिसतं, ती रक्त तपासून भरून काढावीत. त्यांचाही चरबीशी थेट संबंध नाही.

'फॅट बर्नर'चं प्रकरण मात्र गंभीर आहे. चरबी जाळणाऱ्या गोळीचा इतिहास फार वाईट आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात डीएनपी नावाच्या रसायनाशी काम करणारे कामगार वाळू लागले, त्यांना ताप चढे, काही मेले. १९३३ मध्ये अमेरिकेत तेच रसायन वजन उतरवायला दिलं जाऊ लागलं. वजन खरंच उतरायचं. सोबत लोकांना मोतीबिंदू होऊ लागले, काहींचं अंग आतून तापून ते दगावले, आणि १९३८ मध्ये माणसांसाठी त्याचा वापर थांबवावा लागला. मग इफेड्रा आलं, हृदयाचे त्रास झाले, अमेरिकेत पूरक आहारातून त्यावर २००४ मध्ये बंदी आली. मग सिब्युट्रामिन नावाचं औषध. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं. पण त्यानंतरही 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये ते लपवून घातलेलं अनेकदा सापडलंय.

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बर्नरमध्ये मुख्य माल कॅफिन असतो. एका मात्रेत दोन-तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पाच-सात कप चहाएवढं एकदम. छातीत धडधड, झोप उडणं, हात थरथरणं. त्याला लोक "गोळी काम करतेय" असं म्हणतात. ग्रीन टी प्यायला काहीच हरकत नाही, पण तिच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एल-कार्निटिनने फारसं काही होत नाही. म्हणून दादांना दुसऱ्या डब्याबद्दल मी सरळ "नको" म्हटलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तर अजिबात नको.

कोणताही डबा घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी तरी बघा. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, पूरक आहारावर असायलाच हवं ते 'औषधी वापरासाठी नाही' हे वाक्य, आणि घटकांची पूर्ण यादी. मधुमेह बरा, महिन्यात दहा किलो, दुष्परिणाम शून्य, असलं काही डब्यावर किंवा विकणाऱ्याच्या तोंडात असेल तर तो डबा जागेवर ठेवा. सुटी, लेबल नसलेली पावडर कोणाचीच घेऊ नका.

इथे आपल्या लोकांना एक स्पष्ट सांगते. वजन उतरवायच्या शेकची साखळी-विक्री करणारे शिक्षकांना आवर्जून गाठतात, कारण गावात आपला शब्द चालतो. तुम्ही स्वतः काय प्यायचं ते तुम्ही ठरवा. पण आपल्या वर्गातल्या मुलांच्या पालकांना डबा विकू नका. तो बाप "नको" म्हणू शकत नाही, त्याचं पोर आपल्या हाताखाली असतं.

डॉक्टर देतात त्या इंजेक्शनांचा विषय वेगळा आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही नावं २०२५ पासून आपल्याकडेही वजनासाठी ऐकू येऊ लागलीत. ती औषधं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायची. आणि ती घेणाऱ्यालासुद्धा प्रथिनं व ताकदीचा व्यायाम लागतोच, नाहीतर स्नायू तिथेही जातात.

मुलांचं गणित वेगळं

वरचं तुटीचं गणित मुलांना लावायचं नाही. वाढत्या वयात डाएट नको, रोज तासभर खेळ हवा. मुलाचं वजन फारच वाढत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, घरी जेवण तोडू नका. सातवी-आठवीच्या मुली जाड दिसू या धास्तीने डबा तसाच परत नेताना मी पाहते. त्याच मुलींचं हिमोग्लोबिन तपासणीत कमी येतं.

आणि वजन-उंचीची नोंद करताना आकडा मोठ्याने वाचू नका. नोंदवही आपल्या हातात ठेवा, एकेका मुलाला जवळ बोलवा. "अरे वा, पंचेचाळीस!" असं म्हणून वर्ग हसवणं दोन सेकंदांचं असतं, पण तो आकडा त्या पोराचं टोपणनाव होऊन बसतो.

वर्गासाठी उपक्रम

सहावी-सातवीला शेकडेवारी शिकवताना मुलांना घरातली रिकामी पाकिटं आणायला सांगा. बिस्किटं, दुधात घालायची पावडर, फरसाण, सोयावडी, काहीही. फळ्यावर तीन रकाने करा : १०० ग्रॅममध्ये साखर किती, प्रथिनं किती, स्निग्ध पदार्थ किती. पाकिटावर 'प्रति सर्व्हिंग' आणि 'प्रति १०० ग्रॅम' असे दोन आकडे असतात, त्यातला दुसराच घ्यायचा, नाहीतर तुलना होत नाही. एखाद्या पाकिटावर फक्त सर्व्हिंगचा आकडा असेल तर उत्तमच, तिथे त्रैराशिक करायला मिळतं. नमुन्याला हे गणित द्या : 'एका वजन वाढवण्याच्या पावडरच्या ७५ ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रथिनं आहेत आणि दुसऱ्या पावडरच्या ३० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम. दोन्हींचं प्रथिनांचं शेकडा प्रमाण काढा.' उत्तर पहिलीचं २० टक्के, दुसरीचं ८० टक्के. मग विचारा, पहिल्या डब्यातले उरलेले ८० टक्के काय असेल? मुलं पाकिटं उलटी करून घटकांची यादी वाचायला लागतात. यादीत जे पहिलं लिहिलेलं असतं ते सर्वात जास्त असतं, एवढा नियम तेवढा आधी सांगून ठेवा.